क्षयाच्या जंतूचा लोहसाठा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्षयरोगाचा जंतू लोह कुठे आणि कसं साठवतो, त्यासाठी त्याच्याकडे कोणती जनुकं आहेत, आणि या सगळ्याचा औषधांशी किंवा आपण घेतो त्या आयर्नच्या गोळ्यांशी काय संबंध, हे प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी विचारतात आणि टीबीच्या रुग्णांचे नातेवाईकही. खालची उत्तरं मुख्यतः मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस या जंतूबद्दल आहेत. दुसरे जंतू काही वेगळं दाखवत असतील तिथेच त्यांचा उल्लेख येईल. फक्त गोळ्यांबद्दल वाचायचं असेल तर थेट शेवटाकडे गेलात तरी चालेल.

जंतूला लोह लागतं तरी कशाला?

श्वसनाच्या साखळीतल्या प्रथिनांना लागतं, डीएनएचे घटक बनवणाऱ्या विकराला लागतं, आणि गंमत म्हणजे स्वतःला पेरॉक्साइडपासून वाचवणाऱ्या कॅटॅलेजलाही लागतं. लोहाशिवाय जगणारे जंतू फार थोडे. लाइम रोगाचा बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा त्यातला प्रसिद्ध. तो लोहाऐवजी मँगनीजवर भागवतो. क्षयाच्या जंतूला मात्र ही सोय नाही.

मग मिळालं की लगेच वापरायचं. साठवायची काय गरज?

पाठ्यपुस्तकात उत्तर ठरलेलं असतं: कणगीत धान्य भरून ठेवतात तसं, अडीअडचणीसाठी. हे खोटं नाही, पण माझ्या मते ते अर्धंच आहे, आणि महत्त्वाचं अर्ध सुटून जातं. कणगीबाहेर सांडलेलं धान्य कुणाचा जीव घेत नाही. पेशीत मोकळं फिरणारं लोह घेतं.

पेशीच्या आत लोह बहुतांशी फेरस रूपात असतं. त्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. फेंटन अभिक्रिया म्हणतात ती हीच. हा रॅडिकल डीएनए, प्रथिनं, मेद यांपैकी जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो, आणि त्याला निष्प्रभ करणारं कुठलंही विकर सजीवांकडे नाही. म्हणून तो तयारच होऊ न देणं एवढाच मार्ग उरतो. त्यात क्षयाचा जंतू राहतो कुठे, तर आपल्या भक्षक पेशीत, म्हणजे मॅक्रोफेजमध्ये. जंतू मारण्यासाठी पेरॉक्साइड आणि त्याचे भाऊबंद सोडणं हे तर या पेशीचं कामच. अशा ठिकाणी बिऱ्हाड केलेल्या जंतूने लोह मोकळं ठेवलं, तर आपल्या पेशीला फार कष्ट पडणार नाहीत.

म्हणून लोह साठवणारी प्रथिनं ही आधी बंदोबस्त आहेत, मग कोठार. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

हे प्रथिन दिसतं कसं?

आतून पोकळ गोळा. फेरिटिन आणि बॅक्टेरिओफेरिटिन या दोन्ही प्रकारांत २४ उपघटक एकत्र येतात. गोळ्याचा बाहेरचा व्यास सुमारे १२ नॅनोमीटर, आतल्या पोकळीचा सुमारे ८. फेरस लोह आत शिरताना भिंतीतल्या एका जागी त्याचं ऑक्सिडीकरण होऊन ते फेरिक होतं आणि पोकळीत खनिजासारखं जमा होतं. एका फेरिटिन गोळ्यात साधारण ४,५०० पर्यंत अणू मावू शकतात. जंतूंमध्ये प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी सापडतात.

बॅक्टेरिओफेरिटिनचं वेगळेपण म्हणजे त्यात हीम असतो (हिमोग्लोबिनमध्ये असतो तोच लोहधारी रेणू), दर दोन उपघटकांच्या मध्ये एक. म्हणजे २४ उपघटकांच्या गोळ्यात १२ हीम. प्राण्यांच्या फेरिटिनमध्ये अशी रचना नसते.

तिसरा भाऊ डीपीएस. हा लहान, १२ उपघटकांचा, सुमारे ५०० अणू धरणारा. फेरिटिन लोहाचं ऑक्सिडीकरण करायला मुख्यतः ऑक्सिजन वापरतं. डीपीएस पेरॉक्साइड पसंत करतं. म्हणजे फेंटन अभिक्रियेला लागणाऱ्या दोन्ही वस्तू ते एकाच फटक्यात संपवतं. शिवाय ई. कोलायसारख्या जंतूंमध्ये ते डीएनएला चिकटून त्यावर पांघरूणही घालतं. क्षयाच्या जंतूकडे डीपीएस नाही. त्याचा निरुपद्रवी नातेवाईक मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस याच्याकडे आहे, आणि त्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुष्कळ काम झालं आहे.

क्षयाच्या जंतूत यासाठी कोणती जनुकं आहेत?

दोन. बीएफआर-ए, ज्याचा क्रमांक आरव्ही १८७६, आणि बीएफआर-बी, क्रमांक आरव्ही ३८४१. हे क्रमांक एच३७आरव्ही या प्रयोगशाळेतल्या वाणाच्या जनुकसंचातले आहेत. या वाणाचा मूळ पूर्वज १९०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक इथल्या एका रुग्णाकडून वेगळा केला गेला. जनुकसंचाचं संपूर्ण वाचन १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं: सुमारे ४४ लाख अक्षरं आणि जवळजवळ ४,००० जनुकं.

एवढ्या पसाऱ्यात लोह साठवायला फक्त दोन जनुकं, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटतं. लोह मिळवायला मात्र बरीच जास्त खर्ची पडली आहेत. मायकोबॅक्टिन नावाचा लोह ओढून आणणारा रेणू बनवण्यासाठीच एक अख्खा जनुकगट आहे.

बीएफआर-बी म्हणजे बॅक्टेरिओफेरिटिनच ना?

क्षयाच्या जंतूत नाही. तिथे बीएफआर-ए हीम धरतं, ते खरं बॅक्टेरिओफेरिटिन. बीएफआर-बीमध्ये हीम नाही, ते साधं फेरिटिन आहे. उलट स्यूडोमोनास एरुजिनोसा या दुसऱ्या एका जंतूमध्ये बीएफआर-बी नावाचं प्रथिन खरोखरच हीमवालं आहे. परीक्षेत आणि शोधनिबंध वाचताना इथे हमखास घोटाळा होतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका, जंतू कोणता ते आधी पाहा.

ही जनुकं चालू-बंद कोण करतं?

आयडीईआर नावाचं नियामक प्रथिन. पेशीत लोह पुरेसं असलं की ते लोह आयडीईआरला चिकटतं, आणि लोहयुक्त आयडीईआर डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं. तिथून ते दोन कामं करतं. लोह ओढून आणणारी जनुकं दाबतं आणि साठवणारी जनुकं उघडतं. लोह कमी झालं की दोन्ही कामं उलट होतात. आयडीईआर हे घटसर्पाच्या जंतूतल्या डीटीएक्सआर या नियामकाच्या कुळातलं. घटसर्पाचं विषसुद्धा लोहाच्या टंचाईतच जास्त बनतं, ते याच कुळाच्या कारभारामुळे.

आता आयडीईआर बीएफआर-बी ‘उघडतं’ म्हणजे नेमकं काय करतं? इथे मामला रंगतदार आहे. बीएफआर-बीच्या सुरुवातीच्या भागावर एलएसआर-२ नावाचं दुसरंच एक प्रथिन ठाण मांडून बसलेलं असतं आणि जनुक वाचू देत नाही. लोहयुक्त आयडीईआर तिथे येतं आणि एलएसआर-२ ची पकड सोडवतं. म्हणजे जनुकाला धक्का देऊन चालू करण्यापेक्षा त्याच्यावरचा अडसर काढणं असं हे काम आहे. हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं.

ई. कोलायमध्ये त्याआधीच, २०१० मध्ये, जवळजवळ हाच प्रकार आढळला होता. तिथे एफटीएन-ए या फेरिटिनच्या जनुकावर एच-एनएस हे प्रथिन बसलेलं असतं, आणि लोहयुक्त फर हे नियामक त्याला हटवतं. फर आणि आयडीईआर ही वेगळ्या कुळांतली प्रथिनं. एच-एनएस आणि एलएसआर-२ यांचंही रचनेच्या दृष्टीने नातं नाही, फक्त काम सारखं. उत्क्रांतीत इतके लांब असलेले दोन जंतू वेगवेगळी माणसं नेमून एकाच व्यवस्थेवर येऊन पोचले. या विषयात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विचाराल तर ही.

ई. कोलायमध्ये याच्या जोडीला आरवायएचबी नावाचा छोटा आरएनए असतो. टंचाईत तो लोह वापरणाऱ्या आणि साठवणाऱ्या अनेक प्रथिनांच्या निरोप्या आरएनएचा निकाल लावतो.

ही जनुकं काढून टाकली तर जंतू मरतो का?

काचेच्या नळीत, सगळं आयतं मिळत असताना, मरत नाही. खरा फरक यजमानाच्या शरीरात दिसतो.

२०१२ मध्ये यावरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या गटाने बीएफआर-बी काढून टाकलेला जंतू तपासला. त्याला स्वतःच्याच लोहाची बाधा होऊ लागली. उंदरांमध्ये तो टिकून राहू शकला नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रतिजैविकांनी तो मूळ जंतूपेक्षा कितीतरी सहज मेला. दुसरा अभ्यास दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरातला. तिथे दोन्ही जनुकं काढलेला जंतू माणसाच्या भक्षक पेशींसारख्या टीएचपी-१ पेशींमध्ये आणि गिनीपिगमध्ये पाहिला गेला. पेशींमध्ये त्याची वाढ खुंटली आणि गिनीपिगमधला आजार बराच सौम्य पडला. दोन्ही प्रथिनांच्या स्फटिकरचनाही याच दिल्लीच्या गटाने सोडवल्या आहेत; आपल्याकडे टीबीवर मूलभूत काम होत नाही म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

हे निष्कर्ष वाचताना एक लक्षात घ्या. ‘साठा नाही म्हणून उपाशी मेला’ एवढंच यातून निघत नाही. उपासमारीचा भाग आहे, पण प्रतिजैविकांनी सहज मरणं हे उपासमारीने समजत नाही. ते मोकळ्या लोहाने समजतं. आधीच रॅडिकलच्या माऱ्याखाली असलेल्या जंतूवर औषधाचा घाव वर्मी बसतो.

म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत या जनुकांचा हात आहे?

सावकाश. औषधप्रतिरोधाची ठरलेली कारणं वेगळी आहेत: रिफॅम्पिसिनसाठी आरपीओबी जनुकातले बदल, आयसोनियाझिडसाठी मुख्यतः कॅट-जीमधले. आग्र्याच्या राष्ट्रीय जालमा संस्थेतल्या संशोधकांनी अमिकासिन आणि कॅनामायसिनला दाद न देणाऱ्या जंतूंच्या संदर्भात फेरिटिनचा सहभाग असू शकतो असं २०१६ मध्ये मांडलं आहे. हा धागा रोचक आहे, पण रुग्णाचा उपचार ठरवायला आज त्याचा उपयोग नाही.

टीबीच्या तपासणीत ही जनुकं पाहतात का?

नाही. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या जनुकीय चाचण्यांच्या अहवालात ‘आरआयएफ’ (म्हणजे रिफॅम्पिसिन) समोर जे लिहून येतं ते आरपीओबीबद्दल असतं. ट्रूनॅट, जाता जाता, गोव्यातल्या मोलबायो कंपनीची आहे.

बाकीच्या रोगजंतूंतही हेच चालतं?

तत्त्व तेच, तपशील जंतूगणिक वेगळा. साल्मोनेला टायफिम्युरियमकडे लोह साठवणारी चार प्रथिनं आहेत: एफटीएन-ए, एफटीएन-बी, बीएफआर आणि डीपीएस. साठवणुकीचा मोठा भार बीएफआर उचलतं. एफटीएन-बी मात्र बिघडलेल्या लोह-गंधक विकरांच्या दुरुस्तीसाठी लागतं, आणि उंदरांमध्ये आजार करायला ते हवंच. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी पीएफआर नावाचं फेरिटिन बाळगतो. ते काढलं तर जर्बिल या प्राण्याच्या जठरात त्याला वस्ती करता येत नाही. डीपीएसच्या घराण्यातलं त्याचं दुसरं प्रथिन, नॅप-ए, आपल्या पांढऱ्या पेशींना भडकवतं, म्हणून त्याची चर्चा जास्त होते.

कुष्ठरोगाच्या जंतूची गोष्ट यांहून चमत्कारिक आहे. मायकोबॅक्टेरियम लेप्रेने उत्क्रांतीत आपली ढीगभर जनुकं गमावली. मायकोबॅक्टिन बनवणारा जनुकगटसुद्धा गेला. पण बॅक्टेरिओफेरिटिन राहिलं, आणि इतक्या प्रमाणात राहिलं की संशोधकांना ते आधी त्याच्या आवरणातलं एक प्रमुख प्रथिन म्हणूनच सापडलं होतं. लोह मिळवायची यंत्रणा टाकून दिली तरी त्याचा बंदोबस्त टाकून देता आला नाही.

आपलं शरीर यावर काय करतं?

लोह लपवतं. रक्तात ते ट्रान्सफेरिन घट्ट धरून ठेवतं, अश्रू, लाळ आणि दुधात लॅक्टोफेरिन. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन वाढवतं, त्यामुळे आतड्यातून लोह कमी शोषलं जातं आणि पेशींमधलं बाहेर येत नाही. क्षयाच्या जंतूला हा शेवटचा भाग सोयीचा पडू शकतो, कारण लोह अडकून राहतं भक्षक पेशीत, आणि जंतूही तिथेच असतो.

ही लपवाछपवी किती मोलाची हे २००९ मध्ये शिकागोत दिसलं. प्लेगच्या एका दुबळ्या केलेल्या वाणावर काम करणारे एक संशोधक त्याच वाणाने दगावले. तो वाण दुबळा होता, कारण त्याची लोह मिळवायची जनुकं काढलेली होती. तपासात निष्पन्न झालं की त्यांना आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोहाचा अतिरेक. जंतूला जे स्वतः मिळवता येत नव्हतं ते आयतं मिळालं असावं.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची लाट पाहिली. ती बुरशी, जंतू नव्हे, पण लोहाचा संबंध तिथेही आहे: मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालं की ट्रान्सफेरिनची पकड सैल होते.

लोहसाठ्यावर नेम धरणारं औषध आहे का?

बाजारात नाही. प्रयोगशाळेत सगळ्यात पुढे गेलेलं काम स्यूडोमोनासवरचं आहे. त्याच्या बीएफआर-बीमधून लोह परत काढायला बीएफडी नावाचं छोटं प्रथिन लागतं. ते गोळ्याला बाहेरून चिकटतं आणि हीममार्फत आत इलेक्ट्रॉन पोचवतं, मग फेरिक लोह फेरस होऊन बाहेर पडतं. या दोन प्रथिनांची गाठच पडू न देणारे छोटे रेणू तयार झाले आहेत. त्यांच्यामुळे लोह गोळ्यात कुलूपबंद होतं आणि पेशीत टंचाई होते. बायोफिल्ममधल्या, म्हणजे चिकट थरात एकत्र राहणाऱ्या आणि एरवी औषधांना न जुमानणाऱ्या पेशींवरही त्यांचा परिणाम दिसला.

म्हणजे मारायच्या वाटा दोन: साठा बनूच न देणं किंवा बनलेला उघडूच न देणं. क्षयाच्या जंतूसाठी मला पहिली जास्त आशादायक वाटते, कारण तिथे चालू औषधांनाच बळ मिळेल. अडचण अशी की माणसाचं फेरिटिनही २४ उपघटकांचा तसाच गोळा असतं, त्यामुळे औषधाला दोघांतला फरक नेमका ओळखता आला पाहिजे.

रक्ततपासणीत ‘सीरम फेरिटिन’ येतं, ते जंतूचं असतं का?

नाही, तुमचं स्वतःचं. पण टीबी असताना तो आकडा फसवू शकतो. एरवी फेरिटिन कमी म्हणजे शरीरातलं लोह कमी. शरीरात दाह असला की फेरिटिन वाढतं, आणि खरंच लोह कमी असूनही आकडा ठीक दिसतो. म्हणून डॉक्टर सोबत सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारी तपासणी) किंवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (ट्रान्सफेरिनवर किती लोह आहे ते) पाहायला सांगतात.

टीबी असताना आयर्नच्या गोळ्या, अळिवाचे लाडू, गूळ बंद करायचा का?

अन्न बंद करू नका. टीबीच्या रुग्णाला कुपोषणच जास्त मारतं, आणि ताटातल्या लोहाने जंतू माजतो असं मानायला आधार नाही.

गोळ्यांचं उत्तर इतकं सरळ नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वैद्य आर्मांद त्रुसो क्षयाच्या रुग्णांना लोह देण्याविरुद्ध इशारा देत असत. १९७८ मध्ये सोमालियातल्या भटक्या लोकांवरचा अभ्यास आला: लोह दिलेल्या गटात संसर्गाचे ३६ प्रसंग, न दिलेल्या गटात ७, आणि त्यांत दबलेला टीबी उफाळण्याचाही समावेश होता. आफ्रिकेत लोखंडी पिंपांत बनवलेल्या पारंपरिक बिअरमुळे ज्यांच्या शरीरात लोह फार साठलं, त्यांच्यात टीबीचं प्रमाण जास्त आढळलं. दुसरीकडे, आपल्याकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. शाळेत मिळणारी निळी गोळी किंवा गरोदरपणातली लोहाची गोळी टीबीच्या धास्तीने नाकारणं चुकीचंच.

टीबीचं निदान झालेल्यांनी मात्र स्वतःहून गोळी सुरू करू नये. टीबीतला रक्तक्षय बऱ्याचदा दाहामुळे असतो आणि उपचार लागू पडले की आपोआप सुधारतो. आधीपासून गोळी चालू असेल, विशेषतः गरोदरपणात, तर डॉक्टरांना सांगा, परस्पर थांबवू नका. लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन चालू असेल तर आणखी एक काळजी: लोह पोटात या औषधांना बांधून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. ते किती, हे औषध देणाऱ्याला विचारून घ्या. आणि शौचाला काळं होणं हे लोहामुळे, लघवी नारिंगी होणं हे रिफॅम्पिसिनमुळे. या दोन गोष्टींचे फोन सगळ्यात जास्त येतात.

एमएस्सीचा प्रकल्प या विषयावर करायचा आहे. काय शक्य आहे?

क्षयाचा जिवंत जंतू हाताळायला बीएसएल-३, म्हणजे घातक जंतूंसाठीची खास सुरक्षित प्रयोगशाळा लागते, तो विचार सोडा. बीएफआर-बीचं जनुक ई. कोलायमध्ये घालून नुसतं प्रथिन तयार करता येतं. फेरिटिन उष्णतेला चिवट असतं, त्यामुळे पेशीरस ६० ते ६५ अंशांवर काही मिनिटं तापवला की इतर बरीच प्रथिनं साकळून खाली बसतात आणि शुद्धीकरणाचं निम्मं काम होतं. मग लोह भरून, प्रथिन न उलगडता चालवलेल्या जेलवर पोटॅशियम फेरोसायनाइड आणि आम्ल टाकलं की गोळ्याच्या जागी निळी पट्टी उमटते. ई. कोलायचं स्वतःचं फेरिटिनही तापवून टिकतं आणि तेही निळं होतं, म्हणून जनुक न घातलेल्या ई. कोलायचा नमुना शेजारच्या रांगेत चालवायला विसरू नका.